युद्धावरच्या कविता: लांबून लिहिताना शब्द एवढे मोठे का होतात?

खाडीकाठचा | रविवार, रात्री ००:५२

मंडळी, मोबाइलवरून टंकतोय, लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

काल तलावपाळीजवळ आमचं नेहमीचं कविसंमेलन होतं. पंचवीस-तीस डोकी, त्यातले वीस कवीच. विषय 'युद्ध आणि माणूस'. मी माझी मणिपूरवरची कविता वाचली, दोन वर्षांपूर्वीची, तिच्यात राख आहे, हुंकार आहे, पेटलेलं क्षितिज आहे, सगळं साहित्य आहे म्हणा ना. टाळ्या पडल्या. माझ्या आधी तिघांनी युक्रेन, गाझा, परत युक्रेन असं वाचलं होतं. चौघांत मिळून 'रक्त' हा शब्द एकोणीस वेळा आला. मी मोजला कारण मागच्या रांगेत पंखा नव्हता आणि दुसरं काही सुचत नव्हतं. एकोणीसपैकी सहा माझे.

चहाच्या वेळी आमच्या कोपरी कॉलनीतल्या एक सिंधी आजी भेटल्या, सुनेबरोबर आल्या होत्या. मेदूवडा खाता खाता मला म्हणाल्या, "बेटा, तुम वहाँ गये थे?" म्हटलं नाही. "कोई अपना है उधर?" म्हटलं नाही. "तो इतना खून कहाँ से लाया?" टोमणा नव्हता हो, टोमणा असता तर मी उत्तर दिलं असतं. खरंच कुतूहल होतं बाईंना. मी हसलो, घरी आलो आणि आता एक वाजत आला तरी डोळा लागत नाहीये.

मग कपाटातून मिक्लोश रादनोती काढला. हंगेरीचा ज्यू कवी. दुसऱ्या महायुद्धात सर्बियातल्या बोर इथे तांब्याच्या खाणीजवळ सक्तमजुरीची छावणी होती, तिथे होता. १९४४ मध्ये कैद्यांना पायी हाकलत हंगेरीत परत आणलं, जो चालू शकत नाही त्याला गोळी. याला नोव्हेंबरात आब्दा नावाच्या गावाजवळ मारलं आणि खड्ड्यात टाकलं. जून १९४६ मध्ये तो खड्डा उकरला तेव्हा याच्या कोटाच्या खिशात एक छोटी वही निघाली. पहिल्या पानावर पाच भाषांत एकच विनंती, की यात एका हंगेरियन कवीच्या कविता आहेत, कृपया अमुक पत्त्यावर पोचवा. पाच भाषांत, कारण आपलं प्रेत कोणाच्या हाती लागेल हे त्याला माहीत नव्हतं. या एका गोष्टीपाशीच मी अर्धा तास थांबलो.

शेवटच्या चार छोट्या कवितांना त्याने नाव दिलंय सर्बियन शब्दाचं, अर्थ पिक्चर पोस्टकार्ड. मरणाच्या वाटेवरून पोस्टकार्डं! चौथ्यात शेजारचा मित्र गोळी लागून पडतो, हा त्याच्याशेजारी आडवा, डोक्यावर जर्मन आवाज येतो की हा अजून हलतोय. सात ओळी. त्यात रक्त एकदाच, कानावर वाळत चाललेल्या चिखलात मिसळलेलं.

तर प्रश्न असा. ज्यांच्यावर वेळ आली ते एवढं बारीक आणि हळू लिहितात आणि आपण ठाण्यात पंख्याखाली बसून क्षितिजं पेटवतो, असं का? आणि मग आपण लिहावं की नाही?

टिंग्या७७ | रविवार, सकाळी ८:१०

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. अवांतर: मेदूवडा कुठला होता?

वर्षा_नौपाडा | रविवार, सकाळी ९:३५

खाडीकाठचे काका, ती दुसरी युक्रेनवाली मीच. माझ्या कवितेत रक्त किती वेळा होतं तेही लिहायचंत की मग, लाजायचं कशाला.

राग आलाय हे लपवत नाही, पण मुद्द्याचं बोलते. ज्याच्या अंगावर आलं त्यानेच लिहायचं असा नियम केला तर उद्या पावसावर फक्त छत्री नसलेल्यांनी लिहायचं का? विल्फ्रेड ओवेन घ्या, पहिल्या महायुद्धाचा कवी, खंदकातला, ४ नोव्हेंबर १९१८ ला मेला, युद्ध संपायला एक आठवडा होता. आईला तार मिळाली ती ११ तारखेला, गावात युद्ध संपल्याच्या घंटा वाजत असताना. तर याच्या खिशातल्या डायरीत ओळी कोणाच्या होत्या? रवींद्रनाथांच्या. आईने १९२० साली रवींद्रनाथांना पत्र लिहून हे कळवलं. रवींद्रनाथ कुठे होते खंदकात? बोलपूरला होते. लांबून लिहिलेली ओळ तिथे खिशात गेली ना?

मीनल_सी | रविवार, सकाळी ११:०२

वर्षाताई +१, आणि काका, एक दुरुस्ती. चौथ्या पोस्टकार्डात रक्त एकदाच हे बरोबर, पण तिसरं वाचा. बैलांच्या तोंडातून रक्ताळलेली लाळ गळतेय आणि माणसं लघवी करतायत तीही रक्ताची. म्हणजे रक्त आहेच, भरपूर आहे. पण ते कुठून येतंय ते त्याला माहीत आहे, किडनीतून येतंय, हिरड्यांतून येतंय. आपल्या कवितांमधलं रक्त कुठूनच येत नाही, ते डायरेक्ट क्षितिजावर असतं. त्यामुळे मोजणीला अर्थ नाही. आजींनी तुम्हाला 'कहाँ से लाया' विचारलं, 'कितना लाया' नाही विचारलं.

खाडीकाठचा | रविवार, सकाळी ११:२०

मीनलताई, मान्य. चष्मा काढून वाचत होतो बहुतेक.

वर्षाताई, माफी. आणि रवींद्रनाथांचा मुद्दा बिनतोड आहे, फक्त एवढंच की त्या ओळी युद्धावरच्या नव्हत्या, निरोपाच्या होत्या. त्यांनी खंदकाचं सोंग आणलं नव्हतं.

टिंग्या७७ | रविवार, दुपारी १२:४५

एवढे प्रतिसाद झाले आणि अजून 'आउशवित्झनंतर कविता लिहिणं रानटीपणा आहे' कोणी आणलं नाही? मीच आणतो. जर्मन तत्त्वज्ञ अडोर्नो. झालं, कोरम पूर्ण.

मीनल_सी | रविवार, दुपारी १:०५

@टिंग्या, लोल. पण त्याला उत्तर म्हणून पाउल सेलान हा ज्यू कवी होताच की. आईवडील छावणीत गेले आणि याने लिहिलं जर्मनमध्येच, मारणाऱ्यांच्या भाषेत, कारण आईने शिकवलेली भाषाही तीच होती. आणि काकांचा 'बारीक लिहितात' हा नियम तो मोडतो बरं का. पहाटेचं काळं दूध, हवेत खणलेली थडगी, सगळ्या प्रचंड प्रतिमा आहेत. तरी खोटं वाटत नाही. का वाटत नाही ते मला वीस वर्षं सांगता आलेलं नाही.

ऐरोलीकर | रविवार, रात्री १०:१८

मोठ्या प्रतिमांचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो, बरेच दिवस मनात आहे.

मी बौद्ध. श्रीलंकेत अनुराधापूरला दोन वेळा जाऊन आलोय, तिथल्या महाबोधीवृक्षासमोर बसलोय, घरात त्याचा फोटो आहे. बाबासाहेब १९५० ला बौद्ध परिषदेसाठी सिलोनला गेले होते हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. थोडक्यात श्रीलंका म्हटलं की आम्हाला आजोळ वाटतं.

चार-पाच वर्षांपूर्वी एका मित्राने एम. ए. नुहमान यांची कविता पाठवली, मूळ तमिळ, शीर्षकाचा अर्थ बुद्धाची हत्या. मी शीर्षक वाचूनच तापलो. दोन दिवस उघडलीच नाही. मग ऐरोली ते ठाणे ट्रान्सहार्बरच्या गाडीत उघडली. कवितेत स्वप्न आहे. साध्या वेशातले सरकारी पोलीस बुद्धाला गोळ्या घालतात, त्याचं प्रेत जाफनाच्या ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर पडलेलं असतं. रात्री मंत्री येतात आणि चिडतात, की याचं नाव आपल्या यादीत नव्हतं, याला का मारलात? मग प्रेत लपवायला नव्वद हजार पुस्तकं रचतात, सिगालोवाद सुत्ताने चिता पेटवतात, प्रेत जळतं आणि धम्मपदाची राख होते.

ग्रंथालय खरंच जाळलं होतं. ३१ मे १९८१ ची रात्र, सुमारे ९७ हजार पुस्तकं आणि हस्तलिखितं, ताडपत्रंसुद्धा. तमिळांचं मोठं ग्रंथालय. ठाण्याचं आपलं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं आहे, मी तिथे वाढलो, एका रात्रीत ते गेलं तर काय, एवढी कल्पना करा म्हणजे पुरे.

आता 'यादीत नाव नव्हतं' ही ओळ बघा. कविता सगळी स्वप्नाची, पण ही ओळ एकदम ऑफिसमधली आहे. मी स्वतः सरकारी नोकरीत एकतीस वर्षं काढली, हा आवाज मी ओळखतो. माणूस मेला याचं काही नाही, एन्ट्री चुकली याचा संताप. मीनलताई, तुमच्या वीस वर्षांच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर हे, की प्रतिमा कितीही मोठी करा पण तिला कुठेतरी असा एक खिळा ठोकलेला पाहिजे, नाहीतर ती उडून जाते.

आणि सिगालोवाद सुत्त. हे आमच्याकडे विहारात घेतात. आईबापाशी कसं वागावं, मित्राशी कसं, नोकराला त्याच्या ताकदीएवढंच काम द्यावं, म्हणजे घरगृहस्थीचं सुत्त आहे ते. चिता पेटवायला कवीने नेमकं तेच उचललं. ज्याने ते नीट वाचलंय त्यालाच हे सुचणार. सीवूड्सपर्यंत मी गाडीतून उतरलोच नाही, ठाण्याहून ती गाडी परत फिरली तरी बसून राहिलो.

एक गोष्ट नंतर कळली. नुहमान हे तमिळ बोलणारे मुसलमान, पूर्व किनाऱ्याकडचे. म्हणजे सिंहलींनी जाळलेल्या तमिळ ग्रंथालयाचा शोक एका मुसलमानाने केला आणि तो करताना बुद्धाला मारेकरी केलं नाही, मारलेला केला. पुढे ऑक्टोबर १९९० मध्ये तमिळ वाघांनी उत्तरेतल्या सगळ्या मुसलमानांना हाकललं, सत्तर हजारांच्या वर माणसं, जाफनामध्ये तर दोन तासांची मुदत. आता सांगा यादी कोणाची आणि नाव कोणाचं.

वर्षा_नौपाडा | रविवार, रात्री १०:५५

ऐरोलीकर दादा, वाचून गप्प झाले.

बोटीवरचा_बंडू | सोमवार, पहाटे ४:३०

वॉचवरून, म्हणजे बोटीवरच्या पहाऱ्यावरून. नेट मिळालंय तोवर लिहितो.

क्रोएशियात ड्रायडॉकला होतो तेव्हा एक फिटर होता साराजेव्होचा. शहराला १९९२ ते ९६ जवळजवळ चार वर्षं वेढा होता. त्यांचंही राष्ट्रीय ग्रंथालय ऑगस्ट १९९२ मध्ये तोफा डागून जाळलं, म्हणजे जाफनाचं भावंड. हा तेव्हा शाळकरी. मी विचारलं थंडीत काय जाळायचात. म्हणाला आधी फर्निचर, मग पुस्तकं, मग जुने बूट. बूट चांगले जळतात, धूर होतो पण टिकतात. कवितेची पुस्तकं बेकार, पातळ असतात, कॉफीचं पाणीसुद्धा उकळत नाही. हसत होता सांगताना.

आणि तुम्ही कवींबद्दल फार हळवे होऊन बोलताय म्हणून सांगतो. वरच्या डोंगरांवरून हे सगळं चालवणारा कराजिच, सर्ब नेता, तो स्वतः कवी होता, पुस्तकं छापलेली, वर मानसोपचार डॉक्टर, आणि त्याच शहरात राहिलेला. श्रेब्रेनित्सात १९९५ साली आठ हजारांवर पुरुष आणि पोरं मारली गेली, त्या आणि इतर गुन्ह्यांसाठी हेगच्या कोर्टाने २०१६ ला चाळीस वर्षं दिली, २०१९ ला जन्मठेप केली. पेटलेलं क्षितिज त्यालाही आवडत असणार. गाडी सुटली, रेंज जातेय.

टिंग्या७७ | सोमवार, सकाळी ८:०५

बंडूशेठ, बोटीची गाडी कधी सुटायला लागली? बाकी प्रतिसाद जबरी. कविता लिहिली म्हणजे माणूस निवळला असं काही नसतं, हे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी बघूनही कळतं.

घणसोलीची_आत्या | सोमवार, दुपारी ३:१५

मी कविताबिविता वाचणारी नव्हते. माझा भाचा खारकीवला मेडिकलला होता, २०२२ ला. पाच दिवस मेट्रो स्टेशनमध्ये जमिनीवर होता बाकी मुलांबरोबर. इकडे आम्ही फॅमिली ग्रुपवर देवाचे फोटो टाकत होतो, टीव्हीवर आगीचे लोळ, आणि त्याचा चौथ्या दिवशी मेसेज काय तर "चार्जर सापडला". बस. दोन शब्द. आमच्या वहिनी त्या दोन शब्दांवर जेवल्या त्या दिवशी. मी तो मेसेज स्टार करून ठेवलाय, फोन बदलला तरी घेतला.

आता तो घरी आहे, प्रॅक्टिस करतो, त्यावर बोलत नाही. कोणी विचारलं तर मेट्रोत एका बाईने त्याच्या पायावर मांजर ठेवली होती ते सांगतो.

तेव्हापासून मी युक्रेनचं वाचते. व्होलोदिमिर वाकुलेन्को म्हणून लहान मुलांसाठी लिहिणारा लेखक होता, कवीपण. रशियन सैन्य गावात आलं तेव्हा त्याने डायरी लिहिली आणि अंगणात चेरीच्या झाडाखाली पुरली. मार्च २०२२ मध्ये त्याला उचलून नेलं, इझ्यूमच्या सामूहिक दफनात सापडला. डायरी कोणी शोधली तर व्हिक्टोरिया आमेलिना, ती कादंबरीकार, स्वतः माती उकरून काढली. या बाई आधी कविता लिहीत नव्हत्या, युद्ध लागल्यावर लिहायला लागल्या, आणि त्याचं कारण त्यांनी एका कवितेतच सांगितलंय, की भाषेवरच बॉम्ब पडल्यासारखं झालंय, तुकडे उरलेत, ते कवितेसारखे दिसतात एवढंच. जून २०२३ ला क्रामातोर्स्कमध्ये जेवत असताना क्षेपणास्त्र पडलं, १ जुलैला गेल्या. सदतीस वर्षांच्या.

माझ्या मते काकांच्या प्रश्नाचं उत्तर हेच. तुकडा असेल तर तुकडाच ठेवावा, त्याची चादर विणू नये.

टिंग्या७७ | सोमवार, दुपारी ३:४०

आत्या, नि:शब्द. रादनोतीची वही खड्ड्यातून, ही डायरी झाडाखालून. आपल्याकडे तुकोबांची पाण्यातून वर आली. फक्त तुकोबांना वह्या परत हातात मिळाल्या.

संपादक | सोमवार, संध्याकाळी ६:००

दोन प्रतिसाद उडवले आहेत. कुठल्या देशाचं सरकार बरोबर यासाठी वेगळे धागे आहेत, तिकडे जाऊन भांडा. इथे कवितेवर बोला.

सलीम_कौसा | सोमवार, रात्री ११:२७

बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज लिहितो.

आम्ही जोगेश्वरीचे. १९९३ च्या जानेवारीनंतर मुंब्र्याला आलो, मी तेव्हा सहावीत. आमच्यासारखे खूप आले तेव्हा, अख्ख्या बिल्डिंगी भरल्या. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींत मुंबईत ९०० माणसं गेली असं श्रीकृष्ण आयोगाने लिहिलंय. कॉलेजला मी ठाण्यात यायचो, तेव्हा फास्ट लोकल पारसिकच्या बोगद्यातून जायची, मुंब्रा लागायचंच नाही. कळव्यानंतर अंधार आणि एकदम दिवा. कॉलेजच्या कट्ट्यावर सगळे कविता करायचे, बोस्नियावर लिहायचे, रवांडावर लिहायचे, मी पण लिहिली होती बोस्नियावर, टाळ्या पडल्या होत्या. बोगद्यावर कोणी लिहिलं नाही. मीही नाही.

तक्रार म्हणून नाही सांगत. लांबचं लिहिणं सोपं असतं कारण तिथलं कोणी चहाच्या वेळी समोर येत नाही. तुमच्यासमोर आजी आल्या, नशीब म्हणा.

खाडीकाठचा | मंगळवार, रात्री १२:१०

सलीमभाई, तुमच्यानंतर लिहायला तोंड नाही, तरी एक कबुली देतो. मणिपूरवर कविता लिहिली तेव्हा मी एकाही मणिपुरी कवीची एकही ओळ वाचलेली नव्हती. ३ मे २०२३ ला तिकडे मैतेई आणि कुकींमध्ये पेटलं, अडीचशेच्या वर माणसं गेली, साठ हजारांच्या आसपास घराबाहेर पडली, हे आकडे मला पाठ होते आणि तेवढ्यावर मी हुंकार दिला.

काल शोधून थांगजम इबोपिशक वाचला. मैतेई कवी, कविता या दंगलीच्या कितीतरी आधीची. अग्नी, वारा, पाणी, पृथ्वी, आकाश अशी रूपं घेतलेले पाच जण कवीला मारायला घरी येतात. हा म्हणतो मारा, पण गोळी भारतीय बनावटीची पाहिजे, माझं देशावर प्रेम आहे. ते म्हणतात भारतात बनलेली बंदूक आम्ही वापरत नाही. मग वैतागून निघून जातात आणि हा मरणाच्या बाबतीत चोखंदळ असल्यामुळे वाचतो. मी मोठ्याने हसलो, बायको उठून आली. माझ्या कवितेत एकही माणूस हसत नाही. एकही माणूसच नाहीये म्हणा तिच्यात.

वर्षा_नौपाडा | मंगळवार, सकाळी ७:५०

काका, आजींकडे जाऊन या. आणि 'कविता लिहायचीय' असं सांगू नका.

खाडीकाठचा | शुक्रवार, रात्री ९:४५

धागा वर काढतोय. जाऊन आलो.

कोपरीतच तीन गल्ल्या पलीकडे. मी काही विचारलं नाही, शेवगाच्या शेंगांची पिशवी नेली होती, आमच्याकडच्या झाडाच्या. त्याच बोलल्या. कराचीत ६ जानेवारी १९४८ ला दंगल झाली त्यानंतर निघाले, बोटीने मुंबई, तिथून कल्याणच्या लष्करी छावणीत, ज्याचं नंतर उल्हासनगर झालं. आजी तेव्हा आठ वर्षांच्या. सामान जास्त नेता येणार नाही म्हणून आईने एकावर एक तीन फ्रॉक घातले. यांना वाटलं लग्नाला निघालोय. कराचीच्या धक्क्यावर रांगेत एवढं उकडलं की रडायला लागल्या आणि वरचा फ्रॉक काढा म्हणून हट्ट धरला, तो निळा होता. आईने एक फटका दिला. "खून तो मैंने देखा ही नहीं," म्हणाल्या, "बहुत गरमी हो रही थी, बस."

निळा फ्रॉक पुढे छावणीत आधी धाकट्या बहिणीने घातला, मग त्याची पिशवी झाली. मग पापड आले, मग सुनेच्या कविता ऐकायच्या होत्या.

पुढच्या महिन्याच्या संमेलनात माझं नाव लावलंय, मी काढायला सांगितलं, आयोजक म्हणतात बॅनर छापून झालाय.

सलीमभाई, विचारू की नको कळत नाही. राहवत नाही म्हणून विचारतो. जोगेश्वरीहून निघताना तुम्ही काय घेतलं होतं? नाही सांगितलंत तरी चालेल.

सलीम_कौसा | शनिवार, सकाळी ६:४०

अरे विचारा की. अब्बांनी टीव्ही शेजारच्या काकूंकडे ठेवला, नंतर नेतो म्हणाले, आणि गच्चीवर जाऊन अँटेना काढून आणला. टेम्पोत अम्मीच्या मांडीवर होता तो, मुंब्रा येईपर्यंत. टीव्ही कधी आणलाच नाही. का काढला होता ते त्यांनाही सांगता येत नाही. अजून आहे, गच्चीच्या दाराला आतून अडकवलाय, त्याच्यावर कपडे वाळतात.

टिंग्या७७ | शनिवार, सकाळी ९:१५

कुठल्या कंपनीचा होता?

सलीम_कौसा | शनिवार, सकाळी ९:२१

बघून सांगतो.